मगर कोणत्या खात्याची?

साडूच्या हाताखाली नोकरी करू नये, हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. पण निवृत्त माणसाला नुसतं घरात बसवलं की तो स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक द्यायला लागतो. साहेबांनी तो उद्योग सुरू केला तेव्हा त्यांच्या बायकोनेच धाकट्या बहिणीला फोन लावला. "तुझ्या नवऱ्याला सांग, ह्यांना काहीतरी काम दे. नाहीतर मला तरी कुठे पाठवून दे." अशा रीतीने साहेब साडूच्या तळ्याकाठच्या रिसॉर्टचे व्यवस्थापक झाले आणि बायकोसकट तिथल्या एका खोलीत राहायला आले. त्यांची हयात वीजमंडळाच्या तक्रार विभागात गेलेली. तिथे शिपायापासून सगळे त्यांना साहेब म्हणत. इथे पहिल्याच दिवशी ओल्या अंगाने टॉवेल मागायला आलेल्या एका पाहुण्याने त्यांना "काका" म्हटलं, आणि ते कायमचे काका झाले. आपण मात्र त्यांना साहेबच म्हणू. माणसाचं एवढं तरी राखावं.

रिसॉर्टपुढच्या तळ्यात पांढरी बदकं होती. लहान मुलांनी त्यांना पावाचे तुकडे टाकायचे आणि आईबापांनी फोटो काढायचे, अशी योजना. पण बदकं कमी होत चालली होती. साडूच्या मते ती बोके नेत होते. एका सकाळी साहेब चहाचा कप घेऊन काठावर उभे होते. पाण्यात एक ओंडका होता आणि ओंडक्याजवळ एक बदक होतं. मग ओंडका होता आणि बदक नव्हतं. ओंडक्याने सावकाश डोळे मिटले आणि उघडले, जेवण बरं होतं असं म्हणावं तसे. साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला नाही, कारण तो आधीच त्यांच्या पायावर सांडला होता.

त्यांनी तडक साडूला फोन लावला. साडू शहरात राहायचा आणि रिसॉर्ट फोनवरून चालवायचा.

"तळ्यात मगर आहे!"

"हळू बोला साडूभाऊ. पाहुण्यांच्या कानावर जाईल."

"जायलाच हवं!"

"असं कसं? तुम्ही एकदा मगर म्हणालात की मगर झाली. नाही म्हणालात तर तो ओंडका."

"ओंडका बदक खातो का?"

"हे बघा, तळ्याचा हा काठ आपला, हे मान्य. पण मगर आपण आणली का? नाही. ती नदीतून आली, आपली आपण. मग तिची जबाबदारी आपल्यावर कशी?"

"आणि पाहुणे? ते तर आपण बोलावले ना?"

यावर साडूने दुसऱ्या फोनवर कुणाचं तरी बुकिंग घेतलं. ते घेऊन झाल्यावर म्हणाला, "पाहुणे निसर्गात येतात. निसर्ग म्हटला की थोडंफार आलंच."

साहेबांनी काठाने जाळीचं कुंपण घालायची मागणी केली. लोक तळं बघायला येतात, जाळी बघायला नाही, असं सांगून साडूने फोन ठेवला. साहेबांनी तो प्रसंग बायकोला सांगितला तेव्हा ती भाजी चिरत होती. "तुम्हाला काय वाटलं, तो तुमचं ऐकेल?" ती म्हणाली. "लग्नात त्याने मांडवाच्या खांबाचं ऐकलं नाही. सरळ जाऊन आपटला होता."

पण साहेब असे हटणारे नव्हते. खाजगी माणूस ऐकत नाही म्हणून काय झालं? सरकार आहे. ते स्वच्छ शर्ट घालून वनखात्याच्या कार्यालयात गेले.

तिथल्या अधिकाऱ्याने फार आपुलकीने विचारलं, "मगर जमिनीवर आहे की पाण्यात?"

"पाण्यात."

"मग आमच्याकडे कशाला आलात? आमचं खातं जमिनीवरचं. ती बाहेर आली की सांगा."

"बाहेर आली की ती मलाच खाईल हो."

"मग दुसऱ्या कुणाला सांगायला सांगा."

जलखात्याच्या कचेरीत एक बाई स्वेटर विणत होत्या. विणकाम न थांबवता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त पाण्याची पातळी बघतात. पाण्यात कोण पोहतं, ते आम्ही बघत नाही. मगरीमुळे पातळी वाढली असेल तर बोला." साहेबांनी, वाढली असावी, असं चाचरत सांगून बघितलं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेबांना आपणच मगर असल्यासारखं वाटलं.

शेवटी नगरपालिका. तिथला कारकून तरुण होता, चुणचुणीत होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला चावली का?"

"अजून नाही."

"मग तक्रार कसली? ही तर शंका झाली. चावली की लगेच या, आम्ही एका दिवसात नोंद करतो."

"चावल्यावर नोंद करून काय उपयोग?"

"नोंद झाल्याशिवाय कळणार कसं, की चावली?"

या वाक्याची घडण साहेबांना कुठेतरी ओळखीची वाटली. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की ही आपलीच भाषा. फक्त इतकी वर्षं आपण ती काउंटरच्या आतून बोलत होतो. बाहेरून ती ऐकायला अगदीच वेगळी लागते.

सरकार संपलं की शेजारी सुरू होतात. रिसॉर्टच्या एका अंगाला कोंबड्यांचं खुराडं चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, मगर पोटभर जेवली की साध्वी होते; रोज चार कोंबड्या टाका, कोंबड्या मी देईन. हा सल्ला निःस्वार्थी नव्हता, हे सांगायला नको. दुसऱ्या अंगाला फौजेतून निवृत्त झालेले मेजर होते. ते म्हणाले, शत्रूला झोपू देऊ नका. पहाटेपासून पत्र्याचे डबे बडवा. साहेबांनी डबे बडवले. मगर हलली नाही. पाहुणे मात्र चड्डीवर बाहेर आले आणि भूकंप झाला का विचारू लागले. तिसरा सल्ला माळ्याचा. तो म्हणाला, तिच्याकडे पाहायचं नाही म्हणजे ती आपल्याकडे पाहत नाही. हा माळी तळ्याकडे पाठ करून झाडांना पाणी घालायचा, त्यामुळे निम्मं पाणी त्याच्याच चपलांना मिळायचं.

साहेबांनी मग स्वतःच एक पाटी रंगवली : "सावधान! तळ्यात मगर आहे. काठाजवळ जाऊ नये." चांगल्या लाल अक्षरांत, उद्गारचिन्हासकट. दुसऱ्या दिवशी साडूचा माणूस येऊन तिच्यावर हिरवा रंग फासून गेला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहून गेला : "निसर्गाचा आदर करा." ही पाटी वाचून पाहुणे गंभीर व्हायचे आणि निसर्गाचा आदर जवळून करावा म्हणून थेट पाण्यात पाय सोडून बसायचे.

अशात एक कुटुंब आलं. बाप, आई आणि त्यांची एक लहानगी. तिला सगळे चिमणी म्हणत आणि ते नाव तिला शोभत होतं. सारखी टुणटुण उड्या मारत असायची. बापाला मात्र चित्रं काढायचं वेड. म्हणजे हाताने नव्हे, फोनने. तो न्याहारीचा अंडापाव आधी तीन बाजूंनी टिपायचा, मग खायचा. मुलीला तो फोनमधूनच ओळखत असावा, असा साहेबांचा कयास होता. आई गरीब गाय. नवरा फोनमध्ये आणि मुलगी उड्यांमध्ये, त्यामुळे बाईचा जीव दोन्हीकडे टांगलेला.

चिमणी पाव घेऊन उरल्यासुरल्या बदकांकडे निघालेली पाहून साहेब धावले. "बाळ, मागे हो! अहो, तुमची मुलगी तळ्यावर चाललीय!"

"काका, आम्ही जरा निवांत व्हायला आलोय," बाप म्हणाला.

"तळ्यात मगर आहे!"

बापाचा चेहरा असा उजळला, की साहेबांना वाटलं आपण चुकून लॉटरी लागली असं म्हणालो. "खरंच? कुठे? किती वाजता येते?"

हा प्रश्न साहेबांच्या कल्पनेत कुठेच बसत नव्हता. मगर म्हटल्यावर माणूस पळतो, अशी त्यांची आजवरची समजूत. पण बापाने संध्याकाळपर्यंत मगरीच्या पाठीचं चित्र मिळवलं आणि जगभर पाठवून दिलं. दोन दिवसांत रिसॉर्टचा फोन खणखणायला लागला. खोली कुठली, जेवण कसलं, हे कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांचा एकच प्रश्न : मगर दिसते का?

आणि मग साडूचा फोन आला. "साडूभाऊ! तुम्ही बोलला का नाहीत, आपल्याकडे मगर आहे म्हणून?"

बायकोने साहेबांच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "ते सांगत होते तेव्हा तुमच्याकडे ओंडका होता." पण साडूला टोमणा लागत नसे. गेंड्याच्या कातडीला मगरीचं काय भय? त्याने आठवड्याभरात पाण्यावर पुढे आलेला एक लाकडी चौथरा बांधून घेतला. "मगरदर्शन" अशी पाटी लावली. चौथऱ्याला कठडा नव्हता, कारण कठडा फोटोत येतो. मुलांची घसरगुंडी उचलून काठाजवळ आणली, कारण आईबापांना मगर बघताना मुलांवरही नजर ठेवता यावी. ही सोय साडूला स्वतःला सुचली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. खुराडेवाल्या गृहस्थांचं भाग्य उजळलं. रोज चहाच्या वेळी ते चौथऱ्यावरून कोंबडी टाकत, मगर वर येई, पाहुणे टाळ्या वाजवत. जी मगर आजवर माणसांना टाळत होती, तिला आता चहाची वेळ पाठ झाली. पायांचे आवाज झाले की ती निघायची.

"हे बरं नाही," साहेब येईल त्याला सांगत. मेजर म्हणाले, शिस्त लागली, चांगलंच आहे. चिमणीचा बाप तर सुट्टी वाढवून राहिला. त्याला मगरीचा जबडा उघडा हवा होता. आतापर्यंत फक्त मिटलेला मिळाला होता.

त्या दिवशी खुराडेवाल्यांना यायला उशीर झाला. ते लग्नाला गेले होते आणि जेवण रेंगाळलं. एका कोंबडीविना जगाचं काय अडतं, असं कुणीही म्हणेल. चौथरा भरला होता. सगळे फोन पाण्याकडे, म्हणून कुणाचे डोळे कुठेच नाहीत. चिमणीची टोपी वाऱ्याने उडून चौथऱ्याच्या कडेला पडली आणि चिमणी ती घ्यायला वाकली.

साहेब मागे कपबशा गोळा करत होते. पाण्यावर उठलेली एक लांबट रेघ त्यांना दिसली. ते ओरडले की नाही, ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी ट्रे टाकला, समोरची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि उताणं पडत पडत एका हाताने चिमणीचा झगा धरून तिला मागे खेचलं, दुसऱ्या हाताने खुर्ची पुढे ढकलली. कड्कन आवाज झाला. मगर खुर्ची घेऊन पाण्यात गेली. चिमणीची टोपी तिथेच चौथऱ्यावर राहिली.

मग चिमणी रडायला लागली आणि आईने तिला असं घट्ट धरलं, की ती रडायचीही थांबली. आईने साहेबांकडे पाहिलं आणि नुसते हात जोडले. साहेब कपबशांच्या तुकड्यांत बसले होते.

तेवढ्यात बाप पुढे आला. "काका, तुम्ही मध्ये आलात हो. नेमका जबडा उघडला होता. परत येईल का ती?"

साहेबांनी साडूला फोन लावला. घडलं ते सांगितलं. साडू म्हणाला, "अरेरे. मूल कुणाचं?"

"पाहुण्यांचं."

"मग ठीक. त्यांनी बघायला हवं होतं. पाटी आहे आपली, निसर्गाचा आदर करा म्हणून. खुर्ची मात्र आपली गेली."

साहेबांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. तो आपटावा असंही त्यांना वाटलं नाही. काही माणसांवर रागावणंही वाया जातं. ते उठले, पहिल्या खोलीत शिरले, गादी खाली ओढली आणि लोखंडी खाट दाराकडे ओढायला लागले. खाटेचे पाय फरशीवर असे किंचाळले, की बायको धावत आली.

"अहो, हे काय आता?"

"कुंपण."

बायकोने खाटेकडे पाहिलं. दारातून दिसणाऱ्या तळ्याकडे पाहिलं. आता ती काहीतरी खवचट बोलणार, म्हणून साहेब तयारीत उभे राहिले. पण तिने पदर खोचला आणि खाटेचं दुसरं टोक उचललं. "तिरकी करा. दारात अडकेल," एवढंच म्हणाली.

काठावर खाट आडवी उभी करायची, पाय तळ्याकडे. तिला दुसरी खाट टेकवायची. दोन्ही खाटा पडद्यांच्या दोऱ्यांनी आणि कपडे वाळत घालायच्या तारांनी बांधायच्या. तिसऱ्या खोलीशी पोहोचले तेव्हा चिमणीची आई आपली खाट एकटीच ओढत बाहेर आणत होती. नवरा तिचं चित्रण करत होता. तिने त्याच्या हातातून फोन घेतला, गादीखाली ठेवला आणि म्हणाली, "दुसरी बाजू धर." त्याने धरली. माणूस फोनशिवाय दिसायला बरा होता.

बाकीचे पाहुणे मात्र खवळले. आम्ही झोपायचं कुठे? साहेब म्हणाले, गादीवर. गादी कुठे? जमिनीवर. हे असलं रिसॉर्ट असतं का? साहेब म्हणाले, नसतं. अर्ध्या लोकांनी गाड्या काढल्या. उरलेल्यांनी साडूला फोन केले, आणि पोरीच्या निरोपाने जो हलला नव्हता तो खाटांच्या निरोपाने गाडी पिटाळत आला. सोबत मेहुणीही होती.

"भाऊजी, तुम्ही आमचं नाक कापलंत," मेहुणी म्हणाली.

"तुझं नाक आहे अजून जागेवर. पोरीचं गेलं असतं," साहेबांची बायको म्हणाली. बहिणी-बहिणींचा विषय निराळा झाला आणि तो तिकडे बाजूला सुरू राहिला.

"खाटा आत न्या. आत्ताच्या आत्ता!" साडू गरजला.

"कुंपण घाला. मग खाटा मिळतील."

"धोका आहे कुठे? मला दाखवा!" असं म्हणून साडू उरलेल्या पाहुण्यांना आपली छाती दिसावी म्हणून खाटांवरून पलीकडे उतरला आणि चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला. "बघा! मी उभा आहे! काही होतंय?"

पायांचा आवाज झाला होता आणि चहाची वेळ टळून गेली होती. पाण्यावर लांबट रेघ उमटली.

साडू इतक्या चपळाईने मागे फिरला, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण वरून चढायला वेळ नव्हता. त्याने दोन खाटांच्या फटीत डोकं घातलं, मग खांदे घातले. पोट मात्र आलं नाही. पोट ही त्याने फार वर्षं घेऊन वाढवलेली गोष्ट होती, ती अशी ऐन वेळी सोडून कशी येईल? अर्धा साडू रिसॉर्टच्या हद्दीत आणि अर्धा निसर्गात.

"ओढा! ओढा ना!"

ही जबाबदारी नेमकी कुणाची, असा प्रश्न साहेबांच्या मनात आला. तो छान होता, विचारण्यासारखा होता. पण त्यांचे हात साडूच्या काखेत आधीच गेले होते. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने चिमणीचा बाप. विजार पलीकडेच राहिली, साडू अलीकडे आला. मगरीने चौथऱ्याच्या फळीवर हनुवटी टेकवली, विजारीचा वास घेतला आणि ती न खाता परत गेली.

कुंपण चार दिवसांत उभं राहिलं. उंच, जाड जाळीचं, पक्क्या खांबांचं. चौथरा काढला, घसरगुंडी मागे नेली. उद्घाटनाला साडूने भाषण केलं, "पाहुण्यांची सुरक्षितता हे आमचं पहिल्या दिवसापासूनचं ध्येय आहे." फाटकावर त्याच्या नावाची पितळी पाटीही बसली. साहेबांना, रिसॉर्टची मालमत्ता उघड्यावर आणल्याबद्दल, कामावरून मुक्त करण्यात आलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. निदान पितळी पाटीच्या खाली, बारीक अक्षरांत, कुठेतरी आपण असू, अशी एक वेडी आशा त्यांना होती. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं होतं.

बसथांबा तळ्याच्या पलीकडच्या काठावर होता. साहेब आणि बायको सामान घेऊन तिथे उभे होते. त्या काठावर कुणीतरी नवीन रिसॉर्ट काढलं होतं. पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ, पताका, आणि उथळ पाण्यात खेळणारी पाच-सहा मुलं. एक टाय लावलेला व्यवस्थापक हसत हसत थांब्याशी आला आणि त्याने पत्रकं पुढे केली.

"अहो, पाण्यात मगर आहे!" साहेब म्हणाले.

"आमच्याकडे नाही, काका," तो गोड आवाजात म्हणाला. "ती पलीकडे. तिथे बघा ना, त्यांनी केवढं कुंपण घातलंय तिच्यासाठी."

लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. साहेबांनी मुलांकडे पाहिलं आणि मग, काहीशा अपराधीपणाने, बायकोकडे पाहिलं. ती बसकडे बघतच नव्हती. तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली, पदर खोचला आणि त्या टायवाल्याला विचारलं,

"तुमच्याकडे खाटा लोखंडी आहेत, की लाकडी?"